ख्रिसमस ट्रीसमोरचं राजघराणं : प्रिन्स अल्बर्टच्या घरी फोटो का निघाला नाही?

ख्रिसमस ट्रीसमोर अख्ख्या घराने दाटीवाटीने उभं राहून फोटो काढायचा, ही पद्धत आता जगभर आहे. अशा कुटुंबचित्रांमधलं सर्वांत गाजलेलं चित्र १८४८ सालचं. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया, तिचा पती प्रिन्स अल्बर्ट आणि त्यांची मुलं मेणबत्त्यांनी उजळलेल्या झाडाभोवती जमली आहेत. पण हा फोटो नाही, हाताने काढलेलं चित्र आहे. कॅमेरा तेव्हा आला होता आणि अल्बर्टला त्याची आवडही होती. मग फोटो का नाही?

अल्बर्टचा जन्म २६ ऑगस्ट १८१९चा, जर्मनीतल्या कोबुर्गजवळचा. तो पाच वर्षांचा असताना आई-वडील वेगळे झाले, आईला घर सोडावं लागलं. १८३१ मध्ये ती वारली. १८४० मध्ये व्हिक्टोरियाशी लग्न झाल्यावर त्याने विंडसरच्या राजवाड्यात लहानपणीचा जर्मन ख्रिसमस पुन्हा उभा केला, त्यामागे ही पोकळी असावी. ख्रिसमस ट्री इंग्लंडमध्ये अल्बर्टने आणला असं सर्रास सांगितलं जातं, ते मात्र खरं नाही. राणी शार्लटने १८०० मध्येच विंडसरला असं झाड सजवलं होतं. ते सामान्यांच्या घरी पोहोचलं, त्यात मोठा वाटा ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये छापून आलेल्या १८४८च्या चित्राचा.

त्यातलं झाड साधारण आठ फुटांचं, फांद्यांचे सहा थर, प्रत्येक थरावर डझनभर मेणबत्त्या. म्हणजे ७२ ज्योती! डोळ्यांना हा उजेड भरपूर. कॅमेऱ्याला मात्र काहीच नाही. त्या काळच्या फोटोच्या प्लेटला चांगल्या सूर्यप्रकाशातही काही सेकंद लागत. मेणबत्तीसमोर ती लावली तर ज्योतींचे ठिपके उमटले असते, चेहरे काळोखात राहिले असते आणि मुलं तोवर हललीच असती. चित्रकाराला ही अडचण नव्हती. त्याला हवा तिथे उजेड पाडता येत होता.

म्हणूनच अल्बर्टचे फोटो दिवसाच्या उजेडातले आहेत. मार्च १८४२ मध्ये ब्रायटनला विल्यम कॉन्स्टेबल या छायाचित्रकारासमोर तो बसला. ब्रिटिश राजघराण्यातल्या व्यक्तीचा उपलब्ध असलेला हा सर्वांत जुना फोटो. १८५३ मध्ये लंडनमध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तेव्हा राणी आणि अल्बर्ट तिचे आश्रयदाते झाले. तरी घरचा फोटो म्हणजे कटकटच! जानेवारी १८५२ मध्ये मुलांसोबत काढलेल्या एका फोटोत राणीचे डोळे मिटलेले आले, तर तिने प्लेटवरचा स्वतःचा चेहरा चक्क खरवडून टाकला. दोन दिवसांनी पुन्हा बैठक झाली. मे १८५७ मध्ये धाकटी बिअॅट्रिस जन्मल्यावर सगळं कुटुंब एकत्र टिपलं गेलं, तेही ऑस्बोर्न हाउसच्या उघड्या गच्चीवर.

चित्राचं पुढे काय झालं, तेही गमतीचं आहे. १८५० मध्ये अमेरिकेतल्या ‘गोडीज लेडीज बुक’ने ते छापताना राणीचा मुकुट काढला, अल्बर्टच्या मिशा उडवल्या आणि राजघराण्याचं साधं अमेरिकन कुटुंब करून टाकलं. अमेरिकी घरांत ख्रिसमस ट्री रुजायला त्याने हातभार लावला.

घरात, रात्री, हवा तेव्हा उजेड पाडणारी मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर जर्मनीत निघाली ती १८८७ मध्ये. आजही झाडावरचे दिवे मागे लखलखतात आणि चेहरे काळे पडतात, म्हणून समोरून वेगळा उजेड द्यावा लागतो.

अल्बर्ट १४ डिसेंबर १८६१ रोजी विंडसरला गेला, ख्रिसमसला ११ दिवस उरले असताना. वय अवघं ४२. पुढच्या मार्चमध्ये राणी आणि काही मुलं काळ्या कपड्यांत फोटोसाठी एकत्र आली. मधोमध अल्बर्टचा संगमरवरी अर्धपुतळा होता.