जयकर समितीतले जयकर

हायवे इंजिनिअरिंगच्या व्हायव्हाला एक्स्टर्नल सरांनी मला तीन प्रश्न विचारले. स्टॉपिंग साइट डिस्टन्स म्हणजे काय, ते मी घडाघडा सांगितलं. जयकर समिती कधीची, तेही आलं, १९२७. तिसरा प्रश्न होता, हे जयकर कोण? मी ठोकून दिलं की ब्रिटिशांच्या काळातले मोठे रोड इंजिनिअर. सर हसले आणि पुढचा रोल नंबर बोलावला.

पहिलं उत्तर पाठ असण्याचं कारण अभ्यास नव्हता. दोन महिन्यांपूर्वी माझा रूम पार्टनर रात्री बाइकवरून होस्टेलला परत येत होता. वाटेत एक छोटा चढ आहे, आपण सगळे रोज जातो तिथून. चढाच्या पलीकडे पंक्चर झालेली उसाची ट्रॉली उभी होती, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. पायात रॉड पडला, टर्म गेली. त्याच्या उशाशी बसून मी ते प्रकरण वाचलं. तेव्हा जयकर हे नाव धड्याच्या पहिल्याच पानावर होतं आणि मी ते उलटून पुढे गेलो होतो. व्हायव्हानंतर मात्र लायब्ररीत जाऊन शोधलं.

तर मित्रांनो, मुकुंद रामराव जयकर इंजिनिअर नव्हतेच. वकील होते, आणि आपल्या मुंबईचे. जन्म १३ नोव्हेंबर १८७३. इंग्लंडला जाऊन १९०५ साली बॅरिस्टर झाले आणि मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. जालियनवाला बाग हत्याकांडानंतर काँग्रेसने जी चौकशी समिती नेमली, तिच्यात गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी यांच्याबरोबर जयकर होते. पुढे स्वराज्य पक्षातर्फे मुंबईच्या कायदेमंडळात गेले आणि १९२६ नंतर दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात.

आता असा माणूस रस्त्यांकडे कसा वळला? पहिल्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या होत्या. रस्ते मात्र बैलगाडीच्या हिशोबाचे, आणि त्यांची जबाबदारी प्रांतांवर आणि लोकल बोर्डांवर. त्यांच्याकडे पैसा कुठून असणार? म्हणून १९२७ मध्ये समिती नेमली गेली, अध्यक्ष जयकर. १९२८ च्या अहवालात त्यांनी सांगितलं की हे काम प्रांतांच्या आवाक्याबाहेर गेलं आहे, तो आता देशाचा प्रश्न समजावा. नुसतं सांगून थांबले नाहीत, पैशाची वाटही दाखवली. पेट्रोलवर जादा कर बसवा आणि तो रस्त्यांसाठी वेगळा ठेवा. त्यातून १९२९ साली गॅलनमागे दोन आण्यांचा कर आणि सेंट्रल रोड फंड आला. मला यात वकिली डोकं दिसतं. खडी किती जाडीची घालावी यापेक्षा तिचं बिल कोण भरणार हे त्यांनी आधी बघितलं!

दुसरी शिफारस होती इंजिनिअर लोकांनी एकत्र बसून अनुभवाची देवाणघेवाण करावी अशा संस्थेची. ती १९३४ साली झाली, इंडियन रोड्स काँग्रेस. आपण ज्यांना आयआरसी कोड म्हणतो आणि परीक्षेच्या आदल्या रात्री शिव्या देतो, ते हिचेच.

ग्रामीण भागातल्या हमरस्त्यांवर किती अंतरापर्यंत दिसलं पाहिजे, यावर आयआरसीने १९७६ साली एक पुस्तिका काढली. तिचा हिशोब साधा आहे. समोरचं दिसून ब्रेक दाबेपर्यंत अडीच सेकंद धरायचे. ताशी ६५ किलोमीटरला तेवढ्यात गाडी ४५ मीटर जाते. मग ब्रेक लागून थांबेपर्यंत आणखी ४६. म्हणजे एकूण सुमारे ९० मीटर आधी वस्तू दिसायला हवी, आणि त्यातलं अर्धं अंतर ब्रेक लागायच्या आधीच संपलेलं असतं. चढावर मोजताना डोळ्याची उंची १.२ मीटर आणि वस्तूची ०.१५ मीटर धरायची. समिट कर्व्हच्या सूत्रातला तो ४.४ आकडा यातूनच येतो, आभाळातून पडलेला नाही. रात्री तर आणखी पंचाईत, चढताना हेडलाइटचा झोत वर जातो आणि पलीकडचा उतार अंधारात राहतो.

जयकरांचं पुढचं आयुष्य रस्त्यांपासून लांबच गेलं. १९३० मध्ये तेजबहादुर सप्रूंबरोबर ते येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींकडे समेटाच्या खटपटीत जात होते. गोलमेज परिषद झाली, १९३२ चा पुणे करार झाला. १९३७ ला फेडरल कोर्ट सुरू झालं तेव्हाच्या पहिल्या तीन न्यायाधीशांत ते होते, मग लंडनला प्रिव्ही कौन्सिलवर. डिसेंबर १९४६ मध्ये घटना समितीत त्यांनी सुचवलं की मुस्लिम लीग येईपर्यंत ध्येयाच्या ठरावावर मत घेऊ नये. सभागृहाला ते रुचलं नाही. थांबा म्हणणारा माणूस कुठेच आवडत नाही म्हणा. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू तेच, १९५६ पर्यंत. तिथलं जयकर ग्रंथालय त्यांच्याच नावाचं. मी दोनदा त्याच्या पायऱ्यांवर चहा प्यायलोय आणि पाटीकडे लक्ष नव्हतं! १० मार्च १९५९ ला ते गेले.

पार्टनर आता कुबडी घेऊन चालतो. गेल्या रविवारी आम्ही सहाजण टेप आणि स्टाफ घेऊन त्या चढावर गेलो. १५ सेंटिमीटरचं खोकं पलीकडे ठेवलं, स्टाफवर १.२ मीटरच्या खुणेशी डोळा लावला आणि मागे सरकत गेलो. खोकं ५८ मीटरला दिसेनासं झालं. म्हणजे ताशी पन्नासलासुद्धा जेमतेम. पार्टनरनी कबूल केलं की त्या रात्री काटा पासष्टच्या आसपास होता. आकडे, स्केच आणि वेगमर्यादेच्या पाटीची मागणी असा अर्ज केलाय. अठ्ठेचाळीस सह्या झाल्यात, बी विंगच्या अजून राहिल्यात. कागद मेसच्या काउंटरवर ठेवलाय, पेनसकट.