डेरोझिओंचा वर्ग

कोलकात्यातील साउथ पार्क स्ट्रीटच्या जुन्या दफनभूमीत एका तरुण शिक्षकाची समाधी आहे. वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. शिक्षक म्हणून त्यांना मिळाली जेमतेम पाच वर्षे, आणि त्यांचा शेवटही मानहानीत झाला. तरीही बंगालच्या नवजागृतीचा इतिहास त्यांच्या नावावाचून लिहिता येत नाही. त्यांचे नाव हेन्री लुई व्हिव्हियन डेरोझिओ.

डेरोझिओंचा जन्म १८ एप्रिल १८०९ रोजी कलकत्त्यात झाला. त्यांचे घराणे पोर्तुगीज व भारतीय अशा मिश्र वंशाचे होते. अशा लोकांना इंग्रज बरोबरीचे मानत नसत आणि हिंदी समाजही आपले म्हणत नसे. डेरोझिओंनी मात्र भारत हीच आपली मायभूमी मानली व तिच्यावर इंग्रजीतून कविता लिहिल्या. त्यांचे शिक्षण डेव्हिड ड्रमंड या स्वतंत्र विचारांच्या स्कॉटिश शिक्षकाच्या शाळेत झाले. चौदाव्या वर्षी शाळा सुटली, ती कायमचीच. प्रथम वडिलांच्या पेढीत कारकुनी आणि नंतर भागलपूरला नातलगांच्या निळीच्या कारखान्यात काम, असे त्यांचे दिवस जाऊ लागले. गंगाकाठच्या त्या वास्तव्यात त्यांचे वाचन व काव्यलेखन चालूच होते. कॉलेजात विद्यार्थी म्हणून कधीही न बसलेला हा तरुण १८२६ मध्ये, सतराव्या वर्षी, कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात इंग्रजी साहित्य व इतिहास शिकवू लागला.

हिंदू कॉलेज १८१७ मध्ये कलकत्त्यातील प्रतिष्ठित हिंदू गृहस्थांच्या पुढाकाराने स्थापन झाले होते. आपल्या मुलांनी इंग्रजी विद्या शिकावी, पण घरचे आचारविचार सोडू नयेत, अशी त्यांची अपेक्षा होती. शिक्षकाने अर्थ सांगावा आणि विद्यार्थ्यांनी तो पाठ करावा, ही अध्यापनाची रूढ रीत होती. डेरोझिओंनी ती मोडली. त्यांच्या वर्गात ग्रंथ वाचला जाई, पण तेवढ्याने काम संपत नसे. लेखकाचे म्हणणे कोणत्या आधारावर उभे आहे, त्याला कोणता आक्षेप घेता येईल, याचा शोध विद्यार्थ्यांनीच घ्यावयाचा असे. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या वयांत थोड्याच वर्षांचे अंतर होते. तास संपला तरी बोलणे संपत नसे. ते डेरोझिओंच्या घरापर्यंत पोहोचे.

या चर्चांतूनच १८२८ मध्ये 'अकॅडेमिक असोसिएशन' ही सभा उभी राहिली. तिच्या बैठका पुढे माणिकतल्ला येथील एका बागेतील घरात भरत. एका विद्यार्थ्याने विषय मांडावा, दुसऱ्याने त्यावर आक्षेप घ्यावा आणि इतरांनी दोन्ही बाजू तपासाव्यात, असा तेथील क्रम असे. अध्यक्षस्थानी डेरोझिओ असत. दैव श्रेष्ठ की मनुष्याची इच्छा, सद्गुण कशाला म्हणावे, मूर्तिपूजा योग्य की अयोग्य, असे विषय तेथे निघत. एके काळी घड्याळांचा व्यवसाय करणारे आणि कॉलेजच्या स्थापनेसाठी झटलेले डेव्हिड हेअर हेही श्रोत्यांत येऊन बसत.

डेरोझिओंच्या पद्धतीचे सर्वांत बोलके उदाहरण ईश्वराच्या अस्तित्वाविषयीच्या चर्चेचे आहे. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने या विषयावर संवादरूपाने ग्रंथ लिहिला आहे. सृष्टीची रचना पाहून तिच्या कर्त्याचे अनुमान करता येते, असे त्यातील एक पात्र म्हणते आणि दुसरे ते अनुमान खोडून काढते. डेरोझिओंनी या संवादाचे सार विद्यार्थ्यांना समजावून दिले. त्याबरोबरच ह्यूमला उत्तर देणाऱ्या रीड व स्ट्यूअर्ट या तत्त्वज्ञांचे प्रतिपादनही त्यांच्यापुढे ठेवले. आपल्याकडील शास्त्रग्रंथांतही आधी पूर्वपक्ष सविस्तर मांडतात आणि मग त्याला उत्तर देतात. फरक एवढाच, की डेरोझिओंनी निर्णय स्वतः दिला नाही. तो विद्यार्थ्यांवर सोपवला.

हेच पुढे त्यांच्यावर उलटले. मुले घरी वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारू लागली. संध्या करावयास सांगितले, तर कारण मागू लागली. काहींनी खाण्यापिण्याचे निर्बंध मुद्दाम, दुसऱ्याला दुखावण्यासाठीही मोडले. तो उतावळेपणाच होता आणि पालकांना वाटलेली धास्ती सर्वस्वी निराधार नव्हती. पण त्याबरोबर खोट्या वावड्याही उठल्या. डेरोझिओ ईश्वर नाही असे शिकवतात, आईवडिलांची आज्ञा मोडावयास सांगतात, बहीणभावाचा विवाह योग्य मानतात, असे आळ त्यांच्यावर आले. अनेक पालकांनी मुलांची नावे काढून घेतली.

२३ एप्रिल १८३१ रोजी कॉलेजच्या व्यवस्थापक समितीची बैठक झाली. डेरोझिओ शिक्षक म्हणून अयोग्य आहेत, असे म्हणावयास बहुसंख्य सभासद तयार नव्हते. तरीही लोकमत प्रक्षुब्ध झाल्यामुळे त्यांना दूर करणे इष्ट, असे ठरले. ज्या माणसाने प्रत्येक प्रश्नाच्या दोन्ही बाजू ऐकावयास शिकवले, त्याची बाजू ऐकण्यासाठी त्याला बोलावण्यातही आले नाही. दोन दिवसांनी डेरोझिओंनी राजीनामा दिला आणि राजीनामापत्रात या अन्यायाची स्पष्ट नोंद केली. नंतर समितीचे एक सभासद विल्सन यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी तिन्ही आळ नाकारले. ह्यूमचे विचार शिकवल्याचे मात्र त्यांनी लपवले नाही. दोन्ही बाजू दाखवणे हे शिक्षकाचे कर्तव्यच आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

त्यानंतर त्यांनी 'ईस्ट इंडियन' नावाचे वृत्तपत्र काढले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांना पटकीने गाठले आणि २६ डिसेंबर १८३१ रोजी त्यांचा अंत झाला.

त्यांचे विद्यार्थी पुढे वेगवेगळ्या वाटांनी गेले. कृष्णमोहन बॅनर्जी यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, प्यारीचंद मित्र बंगालीचे आरंभीचे कादंबरीकार झाले, तर रामतनू लाहिडी यांनी शिक्षकाचाच पेशा पत्करला. १८३८ मध्ये या मंडळींनी ज्ञानोपार्जनासाठी नवी सभा स्थापन केली. १८४३ मध्ये हिंदू कॉलेजातच भरलेल्या तिच्या एका बैठकीत डेरोझिओंचे विद्यार्थी दक्षिणारंजन मुखर्जी कंपनी सरकारची न्यायालये व पोलीस यांवर टीका करणारा निबंध वाचत होते. कॉलेजचे प्राचार्य रिचर्डसन यांनी तो राजद्रोही ठरवून मध्येच थांबवला. तेव्हा अध्यक्ष ताराचंद चक्रवर्ती उठले आणि प्राचार्य येथे केवळ पाहुणे आहेत, वक्त्याला अडवणे हा सभेचा अपमान आहे, असे त्यांनी भर सभेत सुनावले.