उमेदवारीत उत्तीर्ण झालेले जमशेटजी

आपल्या सुरतेजवळच्या नवसारीत ३ मार्च १८३९ रोजी जमशेटजी टाटा यांचा जन्म झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातले शिक्षण १८५८ मध्ये पूर्ण करून ते वडिलांच्या पेढीत रुजू झाले. पुढच्याच वर्षी वडिलांनी त्यांना हाँगकाँगला पाठवले. तिथे व्यापाराचे धडे मिळाले. खरी परीक्षा मात्र लंडनमध्ये झाली. १८६५ साली अमेरिकेतले यादवी युद्ध थांबले, कापसाचे भाव कोसळले आणि त्यांच्याजवळच्या हुंड्या कवडीमोल ठरल्या. जमशेटजींनी काहीही न लपवता सावकारांपुढे हिशेब मांडला. त्यांची सचोटी पाहून सावकारांनी देणी मिटवण्याचे काम त्यांच्याच हाती सोपवले.

पुढे लँकेशायरच्या गिरण्यांचा अभ्यास करून त्यांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. तिथे तरुणांना उमेदवारीवर घेऊन काम शिकवले जाई. १९०४ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज वाणिज्य शाखेची मुले अनुभवासाठी दुकानात, कचेरीत जातात. त्यांना गुण देताना केवळ हजेरी व प्रमाणपत्र पाहू नये, असे आम्हाला वाटते. हिशेब चुकला तेव्हा मुलाने काय केले, हेही पालक-शिक्षकांनी जरूर विचारावे.