देसाऊचा सूर्यनिरीक्षक श्वाबे

आनहाल्ट-देसाऊ हे जर्मनीतील एक लहानसे संस्थान. त्याच्या राजधानीत, देसाऊ येथे, १७८९ साली सामुएल हाइन्रिख श्वाबे जन्मला. बर्लिनला औषधशास्त्र शिकून आल्यावर आजोळचे औषधांचे दुकान त्याच्या हाती आले. वनस्पतींचा नाद होताच. आपल्या प्रांतातील वनस्पतींवर त्याने पुढे ग्रंथही लिहिला. परंतु १८२५ साली सोडतीत एक दुर्बीण पदरात पडली, असे सांगतात, आणि गृहस्थाचे चित्त दुकानातून उडाले. १८२९ साली दुकान विकून तो मोकळा झाला.

त्याला शोधावयाचे होते भलतेच. बुधाहूनही सूर्याजवळ फिरणारा एखादा ग्रह असावा, असा काहींचा तर्क होता. तो एरवी तेजात लोपणार. सूर्यबिंबासमोरून जाताना तेवढा काळ्या ठिपक्यासारखा दिसणार. पण सूर्याला स्वतःचेही डाग असतात! तेव्हा ग्रह कोणता व डाग कोणता हे ओळखण्यासाठी साऱ्याच डागांची रोज नोंद ठेवणे आले. आकाश निवळले की श्वाबे दुर्बिणीशी. बिंबाचे वर्तुळ काढावे, त्यात डाग भरावेत, गटांना क्रमांक द्यावेत. वर्षाकाठी बहुधा दोनशे ते तीनशे दिवस हाच क्रम. आम्ही रियाज म्हणतो तो याहून निराळा नसतो. मात्र गवयाला अधूनमधून दाद तरी मिळते.

ग्रह सापडला नाही, कारण तो नव्हताच. वह्यांत मात्र दुसरेच काही साचत होते. १८२८ साली डागांचे २२५ गट, बिनडागाचा दिवस एकही नाही. १८३३ साली गट अवघे ३३, आणि १३९ दिवस बिंब स्वच्छ. १८३७ साली ३३३, तर १८४३ साली पुन्हा उतरून ३४. सुमारे दहा वर्षांनी जणू सम येत होती. १८४३ च्या अखेरीस त्याने हे एका छोट्या टिपणात मांडले, तेही जपून: हा क्रम टिकतो की नाही हे पुढील वर्षेच दाखवतील, इतकाच त्याचा दावा.

मोठ्या वेधशाळेत हे घडले नसते, असे मला वाटते. तेथील पंडित ताऱ्यांची स्थाने मोजण्यात गुंतलेले; डागांमागे उगाच कोण लागतो? टिपणाकडेही फारसे कोणी पाहिले नाही. पुढे आलेक्सांडर फॉन हुंबोल्ट याने आपल्या ‘कॉसमॉस’ ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात श्वाबेचा तक्ता छापला, तेव्हा कुठे विद्वानांना जाग आली. १८५२ साली स्वित्झर्लंडच्या रूडोल्फ वोल्फने जुन्या नोंदी चाळून हे आवर्तन सरासरी अकरा वर्षांचे ठरविले. होकायंत्राच्या सुईची चलबिचलही डागांबरोबर वाढते व ओसरते, हे त्याच सुमारास उमगले. १८५७ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने या निवृत्त औषधवाल्याला सुवर्णपदक दिले. त्या वेळी तो सदुसष्ट वर्षांचा होता, आणि तरीही आणखी दहा वर्षे डाग काढीत राहिला.

१८७५ साली देसाऊलाच त्याचे निधन झाले. वह्या लंडनच्या त्या सोसायटीकडे आहेत. त्यांतील आठ हजारांहून अधिक चित्रे एकविसाव्या शतकात जर्मनीतील पोट्सडामच्या संशोधकांनी तपासली, आणि श्वाबेने काढलेल्या डागांची स्थाने व आकार एकेक करून मोजून घेतले.