विश्लेषण : गाडीच्या माहितीपत्रकातले ‘मॅकफर्सन’ कोण? कॅम्परव्हॅनच्या आरामदायी प्रवासाशी त्यांचा संबंध काय?

नवी गाडी घ्यायला गेलो की शोरूममध्ये हातात माहितीपत्रक पडते. इंजिन, मायलेज, एअरबॅग असे रकाने वाचून झाले की खाली कुठेतरी सस्पेन्शनचा रकाना असतो आणि त्यात लिहिलेले असते : पुढे मॅकफर्सन स्ट्रट. बहुतेकांची नजर तिथून पुढे सरकते. हे एखाद्या कंपनीचे नाव असावे, असाही अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ते एका अमेरिकी अभियंत्याचे आडनाव आहे. ज्या स्वस्त, छोट्या गाडीसाठी त्यांनी ही रचना विकसित केली, ती गाडी कधीच बाजारात आली नाही. रचना मात्र जगभर पोहोचली. आज अनेक जण व्हॅनचे चालते-फिरते घर करत आहेत आणि मग ‘गाडी डोलते, आपटते’ अशी तक्रार घेऊन गॅरेज गाठत आहेत. या तक्रारीचे मूळ समजून घ्यायचे, तर मॅकफर्सन यांनी काय साधायचे ठरवले होते हे पाहावे लागते.

मॅकफर्सन कोण होते?

अर्ल स्टील मॅकफर्सन यांचा जन्म १८९१ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या हायलँड पार्क येथे झाला. इलिनॉय विद्यापीठातून १९१५ मध्ये अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते डेट्रॉइटला गेले. मोटार उद्योगाची ही राजधानी तेव्हा जोमात होती. चामर्स या कंपनीत त्यांनी सुरुवात केली. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकी सैन्यातर्फे युरोपात विमानांच्या इंजिनांवर काम करत होते. परतल्यावर लिबर्टी आणि नंतर हप या मोटार कंपन्यांत त्यांनी नोकरी केली. या तिन्ही कंपन्या पुढे इतिहासजमा झाल्या. १९३४ मध्ये ते जनरल मोटर्समध्ये (जीएम) दाखल झाले आणि लवकरच शेव्हरोले विभागात रचनेची मोठी जबाबदारी त्यांच्याकडे आली.

त्या काळी गाड्यांचे सस्पेन्शन कसे असे?

तोवर बहुतेक गाड्यांना पुढेही आजच्या ट्रकसारखाच आडवा अखंड अॅक्सल आणि पाटे असत. एक चाक खड्ड्यात गेले की अॅक्सल तिरका होई आणि दुसऱ्या चाकालाही हिसका बसे. पाटे मऊ ठेवले तर स्टिअरिंग थरथरे, कडक ठेवले तर प्रवाशांची हाडे खिळखिळी होत. जीएमने १९३४ च्या मॉडेलांत पुढची दोन्ही चाके एकमेकांपासून स्वतंत्र केली. ही मोठी सुधारणा होती, पण तिच्यासाठी जास्त सुटे भाग लागत आणि वजन व खर्चही वाढे. महागड्या गाड्यांना हे परवडणारे होते. सामान्य माणसाच्या छोट्या गाडीला असा आराम द्यायचा कसा, हा प्रश्न शिल्लकच होता.

‘कॅडेट’ प्रकल्प काय होता?

दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा युद्धानंतर मंदी येईल आणि लोकांना स्वस्त गाडी लागेल, असा अंदाज होता. १९४५ मध्ये जीएमने शेव्हरोलेच्या हलक्या गाडीचा प्रकल्प जाहीर केला आणि त्याचे मुख्य अभियंता म्हणून मॅकफर्सन यांना नेमले. या गाडीचे नाव ‘कॅडेट’. उद्दिष्ट होते, किंमत हजार डॉलरच्या आत आणि वजन २,२०० पौंड, म्हणजे जेमतेम हजार किलो. त्या वेळची नेहमीची शेव्हरोले सुमारे चौदाशे किलोची होती.

मॅकफर्सन यांनी केवळ मोठी गाडी आखूड करून काम भागवले नाही. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन द्यायचे त्यांनी ठरवले. छोट्या गाडीत बसणाऱ्यालाही मोठ्या गाडीसारखा प्रवास मिळाला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. पण चार चाकांचे स्वतंत्र सस्पेन्शन या किमतीत आणि या वजनात बसवायचे, तर सुटे भाग कमी करणे भाग होते.

मॅकफर्सन स्ट्रट म्हणजे नेमके काय?

स्वतंत्र सस्पेन्शनच्या तेव्हाच्या प्रचलित पद्धतीत प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन आर्म लागत. शिवाय स्प्रिंग आणि शॉकअॅब्सॉर्बर वेगळे. मॅकफर्सन यांनी वरचा आर्म काढून टाकला. त्याचे काम त्यांनी शॉकअॅब्सॉर्बरलाच दिले. हा उभा दांडा म्हणजे स्ट्रट. त्याच्याभोवती गुंडाळी स्प्रिंग बसते, त्याचे खालचे टोक चाकाच्या हबला घट्ट जोडलेले असते आणि वरचे टोक बॉनेटखाली बॉडीला. खाली फक्त एक आर्म उरतो. पुढच्या चाकांच्या बाबतीत स्टिअरिंग फिरवले की स्ट्रटही चाकासोबत फिरतो. म्हणजे एकच भाग तीन कामे करतो : वजन पेलतो, उसळी शमवतो आणि चाक सरळ धरतो.

याचे फायदे अनेक. भाग कमी, म्हणून खर्च कमी. चाकासोबत वर-खाली होणारे वजन कमी, म्हणून खड्ड्यावरून जाताना चाक पटकन खाली-वर होते आणि धक्का आत कमी पोहोचतो. स्प्रिंगला वर-खाली व्हायला भरपूर जागा मिळते, त्यामुळे ती मऊ ठेवता येते. आणि चाकांच्या मध्ये इंजिनासाठी मोकळी जागा उरते. हा शेवटचा फायदा किती मोलाचा आहे, हे पुढे तीन दशकांनी कळायचे होते.

कल्पना पूर्णपणे त्यांचीच होती का?

नाही. इटलीत फियाटचे अभियंते ग्विडो फोर्नाका यांनी १९२० च्या दशकातच याच्याशी मिळतीजुळती रचना मांडली होती. विमानांच्या चाकांनाही उभ्या स्ट्रटचा आधार असे. मॅकफर्सन यांचे श्रेय असे की, मोठ्या संख्येने आणि स्वस्तात बनवता येईल असे रूप त्यांनी या कल्पनेला दिले. त्यांच्या पेटंटचा अर्ज जीएमच्या वतीने १९४७ मध्ये दाखल झाला.

जीएमने प्रकल्प का गुंडाळला?

मंदीचा अंदाज खोटा ठरला. युद्धकाळात गाड्यांचे उत्पादन थांबल्यामुळे ग्राहक नव्या गाडीसाठी आसुसलेले होते. जी मोठी गाडी कारखान्यातून बाहेर पडेल ती विकली जात होती. पोलादाची टंचाई होती, संप होते. छोटी गाडी बनवण्याचा खर्च मोठ्या गाडीपेक्षा फारसा कमी येत नव्हता आणि नफा मात्र कमी होता. १९४७ मध्ये कॅडेट रद्द झाली. कामाची दोन वर्षे कागदावर आणि मोजक्या नमुना गाड्यांपुरती राहिली. मॅकफर्सन तेव्हा ५६ वर्षांचे होते. त्याच वर्षी त्यांनी जीएम सोडली आणि ते प्रतिस्पर्धी फोर्ड कंपनीत गेले.

फोर्डमध्ये काय घडले?

फोर्डला युरोपातील कारखान्यांसाठी नव्या, आटोपशीर गाड्या हव्या होत्या. १९५० च्या लंडनमधील अर्ल्स कोर्ट मोटार प्रदर्शनात ब्रिटिश फोर्डने ‘कॉन्सल’ आणि ‘झेफर’ या गाड्या मांडल्या. दोन्हींना पुढे मॅकफर्सन स्ट्रट होते. वेगळी चॅसी नसलेल्या, एकसंध बॉडीच्या या गाड्यांना ही रचना अगदी साजेशी होती. पुढचा अँटी-रोल बारच खालच्या आर्मला आधार देत असल्याने आणखी एक भाग वाचला. १९५३ ची मॉन्टे कार्लो रॅली डच चालक माउस गॅट्सोनिडेस यांनी झेफरमधूनच जिंकली. रस्त्यावरचे वेग मोजणारे कॅमेरे पुढे याच गॅट्सोनिडेस यांच्या उपकरणातून विकसित झाले.

मॅकफर्सन १९५२ मध्ये फोर्डचे अभियांत्रिकी विभागाचे उपाध्यक्ष झाले, १९५८ मध्ये निवृत्त झाले आणि १९६० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोठ्या गाड्यांना या स्ट्रटची गरज वाटली नाही.

मग ही रचना जगभर कशी पोहोचली?

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला प्यूजो ४०४ आणि बीएमडब्ल्यू १५०० यांनी ती स्वीकारली. खरा विस्तार झाला तो आडवे इंजिन आणि पुढच्या चाकांना गती देणाऱ्या छोट्या गाड्यांमुळे. इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही पुढच्या चाकांच्या मधोमध बसवायचे, तर वरच्या आर्मला जागाच उरत नव्हती. १९७४ ची फोक्सवॅगन गोल्फ हे त्याचे ठळक उदाहरण. ज्या शेव्हरोलेने कॅडेट गुंडाळली, तिनेही १९८० च्या मॉडेल वर्षातील ‘सायटेशन’ला पुढे मॅकफर्सन स्ट्रटच बसवले.

भारतात १९८३ च्या अखेरीस आलेल्या मारुती ८०० मुळे हे नाव घरोघरी पोहोचले. पाठोपाठ आलेल्या ओम्नी व्हॅनलाही पुढे स्ट्रट आणि मागे पाटे होते. सामान्य कुटुंबाला परवडणारी, हलकी, तरीही बसायला बरी गाडी हे मॅकफर्सन यांचे उद्दिष्ट इथे खऱ्या अर्थाने रस्त्यावर आले.

या रचनेच्या मर्यादा काय?

स्ट्रट चाक सरळ धरण्याचेही काम करत असल्याने त्याच्यावर बाजूने ताण येतो. आतला दांडा घासला जातो, ऑइल सील झिजते. बॉडी वळणावर झुकली की चाकही बऱ्याच अंशी तिच्यासोबत झुकते आणि टायरची पकड कमी होते. वरचे टोक थेट बॉडीला जोडलेले असल्याने तिथले रबरी माउंट झिजले की खडखडाट थेट आत येतो. हलक्या गाडीत या त्रुटी फारशा जाणवत नाहीत. वजन वाढले की त्या बोलू लागतात.

कॅम्परव्हॅनमध्ये अडचण कुठे येते?

युरोपात कॅम्परव्हॅनसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या फियाट डुकाटोला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे अखंड अॅक्सलवर पाटे असतात. फोक्सवॅगनच्या ट्रान्सपोर्टरनेही २००३ च्या पाचव्या पिढीपासून पुढे स्ट्रट स्वीकारला. मालवाहू व्हॅन रोज भरते आणि रिकामी होते. तिचे पाटे पूर्ण भार गृहीत धरून घातलेले असतात. म्हणून ती रिकामी असताना आपटते. कॅम्परव्हॅनचे उलट असते. पलंग, कपाटे, बॅटरी, गॅस, पाण्याची टाकी हा भार कायमचा असतो. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. स्प्रिंग सतत दबलेली राहते, खड्ड्यासाठी राखीव अंतर संपते आणि गाडी रबरी स्टॉपवर आदळते. टाकी किंवा सायकलचा स्टँड मागच्या अॅक्सलच्याही मागे असेल, तर तरफेसारखे पुढचे टोक उचलले जाते, स्टिअरिंग हलके होते. छतावर सामान असेल तर वळणावर झुकणे वाढते.

आपल्याकडे कॅम्परव्हॅनसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरची घडण वेगळी. पुण्याच्या कंपनीने मर्सिडीजच्या व्हॅनवरून घडवलेल्या या गाडीला पुढेही अखंड अॅक्सल आणि पाटे होते. त्यामुळे परदेशी व्हिडिओत पाहिलेला उपाय आपल्या गाडीला लागू पडेलच असे नाही. आधी गाडीखाली वाकून पाहावे : पुढे स्ट्रट आहे की पाटे?

सस्पेन्शन सुधारायचे तर सुरुवात कुठून?

पहिली पायरी खर्चाची नाही. सामान आणि पाणी भरून, माणसे बसवून गाडी वजनकाट्यावर न्यावी आणि पुढच्या-मागच्या अॅक्सलचे वजन वेगवेगळे घ्यावे. नोंदणी प्रमाणपत्रातील मर्यादेशी ते ताडून पाहावे. जड वस्तू खाली आणि दोन अॅक्सलच्या मध्ये आणाव्यात.

दुसरी पायरी झिजलेले भाग. स्ट्रट, वरचे माउंट, लोअर आर्मचे बुश आणि टायरमधील हवा तपासावी. अनेकदा ‘सस्पेन्शन कमकुवत आहे’ ही तक्रार इथेच मिटते.

यानंतरच तिसरी पायरी. मागे पाटे असतील तर अॅक्सल आणि चॅसीच्या मध्ये हवेचे पूरक फुगे बसवता येतात. डाव्या-उजव्या फुग्यात वेगळी हवा ठेवली तर एका बाजूला झुकलेली गाडीही सरळ होते. पुढे वजनाला साजेशी स्प्रिंग घालता येते. पण स्प्रिंग कडक केली तर तिला आवरणारा शॉकअॅब्सॉर्बरही तसाच हवा, नाहीतर गाडी उसळतच राहते. वळणावरचे झुकणे हा मुख्य त्रास असेल तर जाड अँटी-रोल बार उपयोगी पडतो. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट अनिवार्य. दबलेली स्प्रिंग सुटली तर जीवघेणी ठरते, त्यामुळे स्ट्रट घरी उघडू नये.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हवेचे फुगे गाडीला सरळ उभी करतात, तिची कायदेशीर भारमर्यादा वाढवत नाहीत. टायर, ब्रेक आणि अॅक्सल तेच असतात. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील बदलतील असे फेरफार मनाने करता येत नाहीत. त्यामुळे आधी आरटीओकडे विचारणा करावी.

मॅकफर्सन यांनी आराम शोधला तो भाग काढून, वजन कमी करून. कॅम्परव्हॅन सजवताना आपण नेमके उलट करत जातो, एकेक वस्तू वाढवत. म्हणून नव्या स्प्रिंगची किंमत विचारण्याआधी गाडीतून काय उतरवता येईल, ते पाहणे हाच सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.