होमी भाभा : अणुभट्टीच्या आधीची गोष्ट

मोबाईलला रेंज येते म्हणजे नेमकं काय होतं? टॉवरकडून आलेली रेडिओ लहर अँटेनातल्या इलेक्ट्रॉनना हलवते. त्यांच्यावर विद्युतभार असतो, म्हणून ते लहरीच्या तालावर डोलतात आणि फोन तो सिग्नल ओळखतो. हा झाला कमी ऊर्जेचा खेळ. ऊर्जा अब्जावधी पट वाढली तर काय होईल, याचं एक मोठं उत्तर होमी भाभा यांनी शोधलं. आपण मात्र त्यांना फक्त अणुभट्टीमुळे ओळखतो.

इंजिनिअरिंग की फिजिक्स?

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतल्या पारशी घरातला. १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले ते मेकॅनिकल इंजिनिअर व्हायला. शिकून टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यात लागायचं, असं घरच्यांच्या मनात होतं. पण पोराचं मन फिजिक्समध्ये! त्यांनी वडिलांना पत्र लिहून तसं स्पष्ट कळवलं. वडिलांनी अट घातली, आधी इंजिनिअरिंगमध्ये फर्स्ट क्लास आण, मग पुढच्या शिक्षणाचा खर्च माझा. १९३० मध्ये भाभांनी अट पूर्ण केली.

एकाचे दोन, दोनाचे चार

अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे एकाच वेळी कणांचा पाऊस पडतो. तो का पडतो, हे १९३७ मध्ये भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी गणिताने मांडलं.

वेगवान इलेक्ट्रॉन अणुकेंद्राजवळून जाताना वळतो आणि गॅमा किरण बाहेर टाकतो. हा गॅमा किरण म्हणजे प्रकाशाचाच जबरदस्त ऊर्जेचा भाऊ. तो दुसऱ्या अणुकेंद्राजवळ नाहीसा होतो आणि त्याच्या जागी इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी जन्मते. ही जोडी पुन्हा गॅमा किरण सोडते. ऊर्जा वाटली जाऊन संपत येईपर्यंत हे चालूच राहतं.

सुट्टीला आले ते इथलेच झाले

१९३९ मध्ये भाभा सुट्टीवर भारतात आले आणि दुसरं महायुद्ध पेटलं. परतीचा रस्ता बंद! बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या संस्थेत त्यांनी काम सुरू केलं. युद्ध संपल्यावर केंब्रिजला परतता आलं असतं, पण त्यांनी इथेच संस्था उभारायचं ठरवलं. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. पुढे स्वतःच्या गणितांना फारसा वेळ उरला नाही. ही किंमत त्यांनी मोजली.

ट्रॉम्बेचा निळा प्रकाश

घाटकोपरहून मानखुर्दकडे गेलात की पुढे अणुशक्तीनगर आणि ट्रॉम्बे लागतं. तिथे ४ ऑगस्ट १९५६ ला 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली. तिच्या पाण्यात निळा प्रकाश दिसायचा. पाण्यात प्रकाशाचा वेग कमी होऊन साधारण पाऊणपट होतो. एखादा इलेक्ट्रॉन त्याहून जोरात धावला की तो निळी लहर सोडतो. म्हणजे इथेही तोच खेळ, विद्युतभार आणि प्रकाश!

२४ जानेवारी १९६६ ला आल्प्समधल्या माँ ब्लांवर एअर इंडियाचं विमान कोसळलं. त्यात भाभा गेले. वय अवघं ५६.

आता हात पुढे करा. वैश्विक किरणांच्या पावसातला साधारण एक कण दर सेकंदाला तुमच्या तळव्यातून आरपार जातोय. त्या पावसाचं गणित मांडणाऱ्यांत आपल्या मुंबईचा एक मुलगा होता, हे लक्षात ठेवा.