ॲपमध्ये पुढचा बग कुठे निघेल? डी. डी. कोसंबींचं गणित इथं कसं कामाला येतं

अजिंठा : व्ह्यू पॉइंटवरून लेण्यांचा फोटो काढताना कॅमेरा ॲप बंद पडलं, तर आपण फोन रीस्टार्ट करून मोकळे होतो. ॲप बनवणाऱ्यांपुढे मात्र प्रश्न असतो, लाखो ओळींच्या कोडमध्ये पुढचा बग कुठे शोधायचा? त्या उत्तराचा एक धागा दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्यापर्यंत जातो.

कोसंबींचा जन्म १९०७ चा, गोव्यातला. वडील धर्मानंद हे बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. दामोदर १९२९ मध्ये हार्वर्डमधून पदवी घेऊन परतले आणि बनारस, अलीगढनंतर पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. सह्याद्रीतली लेणी जुन्या व्यापारी वाटांलगत का आहेत, हेही त्यांनी पायी हिंडून तपासलं.

नाणी तोलणारा गणिती

नाणं हातोहात फिरलं की किंचित झिजतं. कोसंबींनी प्राचीन आहत नाणी तर तोललीच, पण झिजेचा नियम पडताळायला बाजारात चालणारी नाणीही हजारोंनी तोलली. चलनातला काळ वाढतो तसं सरासरी वजन घटतं आणि नाण्या-नाण्यांतला फरक वाढतो. म्हणजे नुसती सरासरी पाहून भागत नाही.

सॉफ्टवेअर झिजत नाही, पण मोजमापाची अडचण तिथंही आहे. फाइल मोठी असेल तर तिच्यात अटी जास्त, बदल जास्त आणि सहसा बगही जास्त. हे आकडे वेगवेगळे धरले तर एकच गोष्ट तीनदा मोजली जाते. म्हणून एकत्र हलणाऱ्या आकड्यांतून मोजके स्वतंत्र घटक वेगळे काढतात आणि त्यावरून कोणती फाइल आधी तपासायची ते ठरवतात. नेमका बग यातून कळत नाही, धोक्याची जागा कळते.

ही पद्धत पिअर्सन (१९०१) आणि हॉटेलिंग (१९३३) यांची. कोसंबींनी १९४३ मध्ये तीच कल्पना सलग बदलत जाणाऱ्या राशींसाठी मांडली. कारहुनेन आणि लोएव्ह त्यानंतर काही वर्षांनी तिथं पोहोचले. इंजिनिअरिंगला आम्ही मात्र ती या दोघांच्याच नावानं शिकलो. कोसंबी हे नाव मला इतिहासाच्या पुस्तकात भेटलं!

१९४४ मध्ये त्यांनी जनुकांमधलं अंतर काढण्याचं सूत्र दिलं, तेही आजवर वापरात आहे. पुढे ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. रीमान गृहीतक सिद्ध केल्याचा त्यांचा दावा मात्र चुकीचा ठरला. १९६२ मध्ये संस्थेनं त्यांचा करार वाढवला नाही. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. आता काही ठिकाणी १९४३ च्या त्या कल्पनेला कोसंबी-कारहुनेन-लोएव्ह म्हटलं जातं.